आतून कडी

परवापरवापर्यंत आमच्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. खोल्यांना न्हाई, न्हाणीला न्हाई, संडासाला बी न्हाई. लातूरला हे घर बांधलं तवाच मी मिस्तरीला बजावलं होतं, आतून कडी बसवलीस तर याद राख. त्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे. वरच्या मजल्यावर चौदा पोरी राहतात, डॉक्टर व्हायला आलेल्या, कुणी कंधारची, कुणी देवणीची. त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, आत गेलात की तोंडानं आवाज करत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला कळतं. पोरी आत बसून आवर्त सारणी म्हणतात. हायड्रोजन, हेलियम, लिथियम. आमचे हे, विरूपाक्ष मास्तर, झेडपीच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाले, ते पाढे म्हणतात. सत्तावीसचा पाढा लागला की चौदा पोरींना कळतं, आज मास्तरांचं पोट बिघडलंय.

माझी धाकटी बहीण सिंधू तेवढी आत गेली की आवाज करत न्हाई. तिला म्हणलं, बाई, पाढे म्हण, भजन म्हण, काही म्हण. न्हाई म्हणजे न्हाई. ती पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची आणि एक पाय दाराला टेकवून आंघोळ करायची. सव्वीस वर्षं ती एका पायावर आंघोळ करून राहिली, आणि मला ते कधी खटकलं न्हाई. आता आठवलं की माझाच राग येतो मला.

कडी का नव्हती ते एकदाच सांगते, पुन्हा विचारू नका. आमचं माहेर किल्लारीजवळचं. त्र्याण्णव साली मी गणपतीला माहेरी गेले होते. विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळपासून वेशीत ढोल, हलगी, लेझीम, नुसता कल्ला. सिंधू तवा सोळा वर्षांची. ती कानावर हात दाबून सरळ शेतातल्या आखाड्यावर निघून गेली, बैलांच्या छपरात. आईनं मला पाठवलं, "जा कमल, घेऊन ये तिला." मी गेले, भांडले, नको नको ते बोलले, ती काही हलंना. शेवटी मी बी रागारागात तिथंच कडब्यावर आडवी झाले. घरी आई एकटी. पोरी न्हाईत म्हणून तिनं आतून कडी लावून घेतली असणार. पहाटे जमीन हलली. आम्ही पळत आलो तर माळवद खाली बसलेलं, भिंती गेलेल्या, चौकट तेवढी उभी, चौकटीत दार, आणि दार आतून बंद. मी दगड उपसत होते आणि ओरडत होते, "आई, हायस का? आई, हायस का?" आतून कुणी बोललं न्हाई.

बस्स. आता सिंधूचं सांगते.

भूकंपानंतर छावणीत एका बाईनं मला विचारलं, तुम्ही दोघी बहिणी कशा काय वाचलात? भांडण करून शेतात झोपलो म्हणून वाचलो, असं सांगायची मला लाज वाटली. मी सिंधूकडं बोट करून म्हणलं, "हिला आधीच कळलं होतं." तोंडातून गेलं, झालं. संध्याकाळपर्यंत बाया तिच्या पाया पडायला लागल्या. मी तिला लातूरला घेऊन आले तर ही गोष्ट आमच्या आधी लातूरला येऊन बसलेली.

तवापासून आमच्या गल्लीचा एक नेम झाला. सिंधूनं कानावर हात ठेवले की घराबाहेर पळायचं. आणि ती कानावर हात ठेवायची रोज. कुकरची शिट्टी झाली की, मिक्सर लागला की, शेजारी कुणी टाईल कापली की. लोक बाहेर. एकदा समोरचे शेषेराव अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत, पंचा सावरत, मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांच्या मधून रस्त्यावर आले. ते लग्न जमलं, हे खरं, पण पाहुणे अजून बी त्यांच्याशी बोलताना खाली बघतात. आणि दरवेळी धरणी हलली न्हाई की लोक सिंधूचेच आभार मानायचे. तिनं टाळलं म्हणायचे. असल्या लोकांना काय समजावणार, आणि समजावायचं होतं ते मीच.

तिचं लग्न बी करून दिलं होतं देवणीला. अकरा महिने टिकलं. सासूची तक्रार एकच, ही तोंडाकडं बघून बोलत न्हाई आणि पुस्तकासारखं बोलते. ते खरं हाय. आम्ही सगळे न्हाई, व्हय, लई असं बोलणारे, आणि ही लहानपणापासून "नाही", "होय", "पुष्कळ". सासू म्हणाली, "भाजी कशी झालीय?" ही म्हणाली, "मीठ दुप्पट आहे." सासू म्हणाली, "पाहुण्यांसमोर तरी गोड बोल." दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर ही म्हणाली, "साखर दुप्पट आहे."

परत आल्यावर तिनं दोनशे पानी वही केली. लोकात काय बोलायचं त्याची वाक्यं, नंबर घालून. बारशाला वाक्य क्रमांक एक ते सहा. लग्नात सात ते पंधरा. मयतीला सोळा ते एकोणीस. घरातून निघताना पाठ करून जायची. एकदा आमच्या चुलत सासऱ्यांच्या दिवसाला पान चुकलं आणि रडणाऱ्या काकूंचा हात धरून ती म्हणाली, "फार छान झालं, असेच कार्यक्रम होत राहोत." काकू तर रडायच्या थांबल्याच. मी तिला घरी आणून जे झापलं ते झापलं. तिनं वहीत त्या पानाला लाल कागद डकवला, चूक पुन्हा होऊ नये म्हणून.

मग लातूरला क्लासचं पीक आलं आणि सिंधूला काम मिळालं. उदगीरचे गुरुपादप्पा सर, फिजिक्सवाले, त्यांच्या क्लासच्या छापखान्यात ती प्रश्नपत्रिका तपासायला लागली. ह्या कामात तिचा हात धरणारं कुणी न्हाई. स्वल्पविराम हलला तरी तिला दिसतो. सरांच्या तोंडावर सांगायची, "प्रश्न सत्त्याऐंशीला चारही पर्याय बरोबर आहेत, म्हणजे प्रश्न चूक आहे." सर बिचारे मान डोलवायचे. पण त्यांनी तिचं टेबल मुद्दाम काचेसमोर ठेवलं होतं, जिथून सगळ्या वर्गांना तिचे कान दिसतील. एकदा दोनशे पोरांची सराव परीक्षा चालू असताना शेजारच्या प्लॉटवर बोअरचं मशीन सुरू झालं. सिंधूचे हात कानावर गेले. सरांनी "पळा!" म्हणून आरोळी ठोकली. दोनशे पोरं मैदानात, ओएमआर शीट वाऱ्यावर. पेपर दुसऱ्यांदा घ्यावा लागला.

आता खरी गोष्ट. नांदेडला मालविका म्हणून एक मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई हायेत, गुरुपादप्पा सरांच्या नात्यातल्या. त्यांनी पन्नास वाक्यांचा एक फॉर्म मराठीत केला होता. बाई मोठ्या झाल्या तरी त्यांचा ऑटिझम कुणाच्या ध्यानात येत न्हाई, त्यासाठी तो फॉर्म. टाईप करायला सरांच्या छापखान्यात आला आणि तपासायला सिंधूपुढं गेला. आठवड्यानं डॉक्टरीणबाईंना फॉर्म परत मिळाला. त्यात तेवीस चुका काढलेल्या होत्या. प्रश्न सतरा आणि प्रश्न एकतीस एकच आहे, एक काढावा, असा शेरा होता. आणि पन्नासच्या पन्नास वाक्यांना खुणा करून पेपर सोडवलेला होता. समोर प्रश्नपत्रिका आली, तर सोडवायची नाही का, असं तिचं म्हणणं. खाली एक ओळ लिहिलेली होती: "ही माझ्याबद्दलची माहिती आपणास कोणी दिली?"

डॉक्टरीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. एकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, लहानपण बघितलेलं माणूस घेऊन या. लहानपण बघितलेलं माणूस म्हणजे मीच उरलेले. आम्ही तिघं अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला गेलो. आमचे हे कशाला आले होते ते देवाला माहीत.

बाईंनी विचारलं, "लहानपणी कशी खेळायची?"

मी म्हणलं, "खेळायची कुठं? चिंचोके ओळीनं लावायची. एक जरी हलला तर घर डोक्यावर घ्यायची."

"मैत्रिणी?"

"एक शेळी होती."

आमचे हे मागून कुजबुजले, "नीट आठवून सांग, मार्क जातील." मला बी तसंच वाटायला लागलं होतं, माझाच तोंडी पेपर चालू हाय म्हणून. मग बाईंनी विचारलं, "भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी त्या आखाड्यावर का गेल्या होत्या?"

मी सव्वीस वर्षांचं पाठ उत्तर दिलं. "तिला कळलं होतं."

सिंधू खिडकीकडं बघत म्हणाली, "ढोल वाजत होता."

बाईंनी ते लिहून घेतलं. मला राग आला. मी एवढं सविस्तर सांगतेय त्यातलं काही लिहिलं न्हाई, आणि हिचे तीन शब्द लगेच वहीत. मी "असेल, असेल" म्हणून विषय बदलला.

शेवटी बाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. नुसत्या फॉर्मवर काही ठरत नाही, पण सगळं बोलणं, सगळा इतिहास बघता यांना ऑटिझम आहे, जन्मापासून आहे. आवाज यांना टोचतो, इतरांसारखा नाही. लोकात वावरताना त्या सारखा अभिनय करतात आणि त्यानं थकून जातात. मराठीत स्वमग्नता म्हणतात. सिंधू म्हणाली, "शब्द चूक आहे. मी स्वतःत मग्न नाही. मी कुकरच्या शिट्टीत मग्न आहे." बाई हसल्या. मग सिंधूनं विचारलं, "म्हणजे ही छपाईची चूक नाही?"

"नाही. मुळातच असं आहे."

"मग शुद्धिपत्रक लागणार नाही," सिंधू म्हणाली आणि पर्समधली दोनशे पानी वही काढून बाईंच्या टेबलावर ठेवली. परत येताना एसटीत ती खिडकीशी बसून हसत होती. तिला उगीच हसताना मी आधी बघितलंच नव्हतं.

आमच्या ह्यांनी मात्र सगळ्यातून एकच आकडा उचलला होता. फॉर्ममध्ये तिला किती आले? पन्नासपैकी एकेचाळीस. लातूरच्या माणसाला पन्नासपैकी एकेचाळीस म्हणलं की दुसरं काही ऐकू येत न्हाई. अहमदपूरच्या स्टँडवर उतरून ह्यांनी गुरुपादप्पा सरांना फोन लावला. "सर, ब्याऐंशी टक्के! पहिल्याच प्रयत्नात! कुठलाच क्लास न लावता!" सर म्हणाले, "निगेटिव्ह मार्किंग होतं का?" हे म्हणाले, "असणारच, नांदेडचा पेपर हाय."

तिसऱ्या दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स. सिंधूचा आधार कार्डावरचा फोटो, डोळे अर्धे मिटलेले. "आमच्या छपाई विभागातील सिंधूताई यांना नांदेड येथील परीक्षेत ५० पैकी ४१ गुण! हार्दीक अभिनंदन!" खाली सरांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा. मी कपाळावर हात मारला. ह्यांना म्हणलं, "अवो, हा काय तमाशा! हे काय बक्षीस हाय का?" तर म्हणाले, "मार्क ते मार्क." एक बाई मुखेडहून पोरीला घेऊन आल्या, ह्या परीक्षेची बॅच कधी सुरू होणार म्हणून. शेषेरावांनी पेढे आणले आणि हळूच विचारलं, उरलेले नऊ कुठं गेले?

मला वाटलं सिंधू रडंल. ती स्टूल घेऊन चौकात गेली, वर चढली, आणि मार्करनं "हार्दीक"मधली वेलांटी पहिली केली. खाली उतरून म्हणाली, "आता बरोबर आहे." मी म्हणलं, "काढायला लावू का सरांना?" म्हणाली, "कशाला? मार्क माझेच आहेत."

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगायला बसलेच नसते. डॉक्टरीणबाईंनी तिला अभ्यास दिला होता. रोज एक तास, एकटीनं, बंद दाराच्या आत. कुणी येणार नाही, कुणी बघणार नाही, कुणासाठी तोंड नीट करायचं नाही. सिंधूनं मला ते तोंडी सांगितलं न्हाई. सकाळी पोळपाटावर एक कागद ठेवलेला.

"प्रति, अक्का. विषय: खोलीच्या दारास आतून कडी मिळणेबाबत."

मी पिठाच्या हातानं त्यावर लिहिलं, "नामंजूर."

दुसऱ्या दिवशी दुसरा अर्ज. संदर्भ, पहिला अर्ज. आमचे हे रिकामे, त्यांनी रजिस्टर उघडलं आणि आवक नंबर टाकायला लागले. मी ह्यांना म्हणलं, तुम्ही नवरा कुणाचे? म्हणाले, "प्रक्रिया ती प्रक्रिया." असे अकरा अर्ज झाले. मी अकराही नामंजूर केले. दार नुसतं लोटून बस म्हणलं. ती म्हणाली, "लोटलेलं दार कोणीही उघडतं. सगळा तास मी उघडण्याची वाट बघते." मी म्हणलं, पडदा लाव, घंटी लाव, पाहिजे तर वरच्या टाकीजवळ बस. मी सगळं म्हणलं, कडी म्हणायला माझी जीभ उचलंना. कुणी कडीचं नाव काढलं की माझ्या नखात माती भरल्यासारखी होते. हे तिला सांगायला पाहिजे होतं. सांगण्याऐवजी मी ओरडत होते.

आणि मग गल्लीला वास लागला. बाराव्या दिवशी शेषेराव सात-आठ माणसं घेऊन आमच्या ओसरीत. शिष्टमंडळ! गुरुपादप्पा सर बी आलेले. सगळ्यांना मी चहा ठेवला. सिंधू कोपऱ्यात उभी, तिच्या कानावर नवे मफ, आवाज अडवणारे, रस्त्याच्या कामावर घालतात तसले, बाईंनीच आणायला सांगितलेले.

शेषेराव म्हणाले, "कमलक्का, आमचं कडीला ऑब्जेक्शन न्हाई. पण ताई तासभर दाराआड बसल्या तर त्यांचे हात आम्हाला दिसायचे कसे? निदान दाराला काच तरी बसवा."

सर म्हणाले, "आणि हे कानावरचं. हे घातलं की हात वर जातच न्हाईत. मग भूकंप आला तर? माझ्याकडं नऊशे विद्यार्थी हायेत."

"एक तासाची बदली व्यवस्था करा," मागून कुणी तरी म्हणालं. "दुसरं कुणी हाय का तुमच्यात, ज्याला कळतं?"

मला हसू बी येत होतं आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यात चहाचं पातेलं घालावं असं बी वाटत होतं. शेषेराव हात जोडून सिंधूपुढं गेले. "ताई, तुम्हाला कळतं म्हणून तर त्या रात्री तुम्ही वाचलात. आमचा बी विचार करा."

सिंधूनं मफ काढले. गळ्यात ठेवले. तिच्या वहीत ह्या प्रसंगाला वाक्य नव्हतं आणि वही नांदेडला होती. ती जमिनीकडं बघून, तिच्या त्या छापील मराठीत बोलली.

"मला काहीही कळलं नव्हतं. ढोल वाजत होता. कान दुखत होते. तुम्ही सगळे सव्वीस वर्षं म्हणता, हिला कळलं होतं. मला कळलं असतं, तर मी आईला घरात ठेवून गेले असते का?"

शेषेरावांचे जोडलेले हात तसेच राहिले.

शिवा शिवा! सव्वीस वर्षं लोक तिच्या पाया पडत होते आणि ती प्रत्येक वेळी काय ऐकत होती? तुला ठाऊक होतं आणि तू आईला मरू दिलंस. प्रत्येक नमस्कारात तेच. आणि हे तिच्या गळ्यात मी बांधलं होतं, छावणीत, मला भांडणाची लाज वाटली म्हणून.

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "ऐका सगळे," मी म्हणलं, "हिला काही कळलं नव्हतं. मी खोटं सांगितलं होतं. ढोलाचा आवाज सहन होईना म्हणून ही गेली, आणि आणायला गेलेली मी हिच्याशी भांडून तिथंच राहिले. दोघी वाचलो ते हिच्या कानामुळं. कळण्यामुळं न्हाई. आता चहा प्या आणि निघा."

गुरुपादप्पा सर उठता उठता म्हणाले, "म्हणजे त्या सराव परीक्षेच्या वेळी—"

"बोअर होता, सर," सिंधू म्हणाली.

त्याच दुपारी मी गंजगोलाईच्या बाजारात गेले आणि हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. ह्यांना हात लावू दिला न्हाई. स्क्रू ड्रायव्हर घेऊन मीच दारापुढं बसले. चार स्क्रू बसवायला मला दीड तास लागला. दुसरा स्क्रू फिरवताना मला रडू फुटलं ते थांबेचना. मी दाराशीच बोलत होते, आईशी बोलत होते, काय बोलत होते मलाच ठाऊक न्हाई. सिंधू मागं उभी राहून बघत होती. तिनं मला जवळ घेतलं न्हाई, ते तिला जमत न्हाई. ती स्क्रू एकेक करून माझ्या हातात देत राहिली. शेवटी वाकून बघितलं आणि म्हणाली, "दोन मिलिमीटर वाकडी आहे."

"राहू दे मेली," मी म्हणलं.

"राहू दे," ती म्हणाली. सिंधूनं वाकडं काही राहू दिलेलं ते पहिलंच.

मी तिला तवाच सांगून टाकलं. ते दार, ती चौकट, ती नखातली माती. म्हणलं, तू आत गेलीस की मला तेच दिसणार बघ, माझ्यानं होणार न्हाई. तिनं ऐकून घेतलं, आत गेली आणि पाच मिनिटांत एक कागद घेऊन आली. नियम. वेळ चार ते पाच. दर दहा मिनिटांनी अक्का बाहेरून एकदाच विचारेल, "हायस का?" सिंधू आतून उत्तर देईल, "आहे." एकापेक्षा जास्त वेळा विचारू नये. दार वाजवू नये. खाली दोघींच्या सहीला जागा. आमच्या ह्यांनी आवक नंबर टाकला.

पहिल्या दिवशी मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले, हातात घड्याळ. कडी लागल्याचा आवाज झाला तवा मी स्टूलावरून उठले आणि पुन्हा बसले. दहा मिनिटं होईपर्यंत दहा वर्षं गेली. "हायस का?" "आहे." पुन्हा दहा. "हायस का?" "आहे." पाच वाजता बरोबर कडी निघाली आणि सिंधू बाहेर आली. तिचा चेहरा झोपून उठलेल्या लेकरासारखा सैल होता. मी विचारलं, आत काय केलंस? म्हणाली, "काही नाही. फार छान झालं." वहीतलं वाक्य होतं ते, पण ह्या वेळी पान बरोबर होतं.

डॉक्टरीच्या नीट परीक्षेचा निकाल लागेपर्यंत फ्लेक्स चौकात होता, मग त्यावर पोरांचे फोटो आले. शेषेराव आता आंघोळ पुरी करून बाहेर येतात. डॉक्टरीणबाईंनी फॉर्ममधला प्रश्न एकतीस काढून टाकला. सिंधू दर महिन्याला नांदेडला जाते, एकटी. न्हाणीला बी मी कडी बसवली, आता ती दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आंघोळ करते. आमचे हे अजून पाढे म्हणतात, त्यांना सवय झालीय.

परवाची गोष्ट. साडेतीनपासून वरच्या पोरींचा पाण्यावरून कल्ला चालू होता. एकीचे वडील गावाहून आलेले, मोटार जळालेली, मी वर-खाली करत होते, तोंडानं बडबड चालू. चार कधी वाजले ते कळलं न्हाई. सिंधू कधी आत गेली आणि कडी कधी लागली ते बी ऐकू आलं न्हाई. मी जिन्यात उभी राहून मोटारवाल्याशी फोनवर भांडत होते. तेवढ्यात बंद दाराआडून तिचा आवाज आला, एकेक शब्द वेगळा, छापल्यासारखा.

"अक्का, चार वाजून दहा मिनिटांनी विचारायचं होतं. तू विचारलं नाहीस."

मी फोन कानापासून खाली घेतला.

"आहे मी," ती म्हणाली.